पर्समधला चाकू अन् कायदा

"काहो ताई, पोरीच्या पर्समदी चाकू ठेवला त चालते काय?" अकोल्याच्या एका मैत्रिणीनं मला विचारलं. लेक अमरावतीला होस्टेलवर, क्लासवरून यायला रात्र होते. आईचा जीव तो! हा प्रश्न अनेकींच्या मनात असतो, म्हणून नियम पाहूनच उत्तर दिलं.

१९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम पात्याचं माप बघतात. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं असलं, तर तो चाकू शस्त्रात मोडतो. घरकामाची आणि शेतीची अवजारं मात्र यातून वगळली आहेत. त्यामुळे आपली विळी किंवा सोयाबीन सोंगायचा विळा म्हणजे शस्त्र नव्हे. तलवार, गुप्ती हा प्रकार मात्र वेगळा. पेपरात 'कलम ४, २५ नुसार गुन्हा' असं वाचतो ना, तो हाच कायदा.

वयाचं काय? २१ वर्षांची अट बंदुकीला आहे, घरच्या चाकूला नाही. म्हणून पोरांना मोकळीक आहे, असं समजू नका. १८ वर्षांच्या आतल्या मुलाकडून गुन्हा घडला, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मुलानं ऑनलाइन 'स्टाइलचा' चाकू मागवला, तर पार्सल आपल्यासमोरच उघडायला लावा.

आणखी एक गोष्ट. सणासुदीला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो. अमरावती शहरात तो पोलीस आयुक्त काढतात, अकोल्यात जिल्हा दंडाधिकारी. अशा आदेशात सुरे बाळगायलाही बंदी घालता येते. तेव्हा 'माझा चाकू तर छोटा आहे' हे कारण पुरेल, याचा भरवसा धरू नका.

दिल्लीच्या घटनेनंतर जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेनं महिलांना छोटे चाकू वाटले होते. भीती खरीच होती. जीव किंवा अब्रू वाचवताना हल्लेखोराला इजा झाली, तर भारतीय न्याय संहिताही स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते. पण तो हक्क हल्ला होत असतानाचा, नंतर सूड घेण्याचा नव्हे. शिवाय सराव नसलेल्या हातातला चाकू समोरचा हिसकावूनही घेऊ शकतो.

मैत्रिणीला मी इतकंच म्हटलं, "बाई, चाकूपेक्षा लेकीला ११२ नंबर पाठ करून दे. अन् क्लासवाल्यांना विचार, पोरींची बॅच दिवसाउजेडी काहून नाही ठेवत?"