जहाजावरचें जेवण : भाड्यांतलें आणि जादा आकाराचें



समुद्रपर्यटनाची, म्हणजे ज्याला आपण आतां सर्रास क्रूझ म्हणतों त्या सफरीची हौस आपल्याकडच्या मध्यमवर्गीय कुटुंबांतहि चांगलीच रुजूं लागली आहे. कोणी मुंबईहून गोव्याला अगर लक्षद्वीपला जातात, कोणी सिंगापूरहून निघतात, तर कोणी मुलाकडे अमेरिकेंत गेले असतां तिकडूनच कॅरिबियन समुद्राची फेरी करून येतात. अशा सफरीच्या तिकिटांत राहण्याचा व जेवण्याचा खर्च धरलेला असतो आणि पुष्कळांना हीच गोष्ट पसंत पडते. मात्र जहाजावर पाऊल ठेवल्यावर असें दिसून येतें कीं, या भाड्यांतल्या भोजनगृहांच्या शेजारीं आणखी कांहीं खास भोजनगृहें थाटलेलीं आहेत. कोठें इटालियन पद्धतीचें जेवण, कोठें जपानी, कोठें निखाऱ्यासारख्या आंचेवर भाजलेल्या मांसाचें स्टेकहाउस. आणि तेथें बसावयाचें तर माणशीं निराळा आकार द्यावा लागतो. जेवणाचे पैसे एकदां भरल्यावर पुन्हां कां भरावे, असें घरांतला हिशेबी माणूस म्हणतो. इतक्या दूर आल्यावर एवढ्यातेवढ्याकडे काय पाहावयाचें, असें दुसरा म्हणतो. या दोघांपैकीं कोणाचें म्हणणें केव्हां खरें ठरतें, याचा आज आपण विचार करूं.

प्रथम ही प्रथा आली कोठून तें पाहूं. आगबोटींच्या आरंभकाळीं प्रवाशाला जेवूं घालणें हें कंपनीचें कामच समजलें जाई, कारण भर समुद्रांत दुसरी खाणावळ नव्हती. १८४० सालीं क्यूनार्ड यांची 'ब्रिटानिया' बोट अटलांटिक महासागर ओलांडावयास निघाली, तेव्हां ताज्या दुधासाठीं तिच्यावर एक गाय घेतलेली होती. जेवणांत भेद असे, पण तो वर्गाचा असे. वरच्या वर्गाचें तिकीट काढणाऱ्यास वरच्या प्रतीचें ताट. आपल्या मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या बोटींवर वाढपी व आचारी म्हणून गोव्याचे पुष्कळ लोक असत. त्या प्रवासाची एक हकीकत महात्मा गांधींनीं आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. १८८८ च्या सप्टेंबरांत ते मुंबईहून निघाले. काट्याचमच्यांची संवय नाहीं, आणि कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचा धीर होईना. म्हणून बरोबर घेतलेल्या मिठाईवर आणि फळांवर ते आपल्या खोलींतच भागवीत. जेवण भाड्यांत असलें म्हणजे तें प्रत्येकाच्या उपयोगीं पडतेंच असें नाहीं, ही गोष्ट तेव्हांहि खरी होती.

जादा पैसे देऊन निराळें जेवण्याची सोय १९०५ सालीं हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' या बोटीवर झाली. रिट्झ हॉटेलाच्या धर्तीवरचें तें उपाहारगृह होतें, आणि तेथें आपल्याला हवा तो पदार्थ सांगून करवून घेतां येई. १९१२ सालीं बुडालेल्या 'टायटॅनिक' बोटीवरहि असेंच एक उपाहारगृह होतें. लुइगी गाटी नांवाचा इटालियन गृहस्थ तें मक्त्यानें चालवीत असे. पण तेव्हांच्या व्यवहारांतली एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. 'टायटॅनिक'वर जो प्रवासी नेहमींच्या भोजनगृहांत न जेवतां सर्व जेवणें या उपाहारगृहांतच घेण्याचें ठरवी, त्याला भाड्यांत तीन ते पांच पौंडांची सूट मिळे. जें ताट तो उचलणार नाहीं, त्याचे पैसे कंपनी परत देत असे. आजच्या जहाजांवर अशी सूट नाहीं. तुम्ही खास भोजनगृहांत जेवलां म्हणून मुख्य भोजनगृहांतल्या तुमच्या रिकाम्या खुर्चीचे पैसे कोणी परत करीत नाहीं. म्हणजे त्या रात्रीच्या एका जेवणाचे पैसे तुम्ही दोनदां देतां.

मग कंपन्यांनीं ही रीत कां वाढविली? पूर्वीं पर्यटनाच्या जहाजांवर संध्याकाळच्या दोन पंगती असत, टेबल ठरलेलें असे, आणि सबंध सफरभर त्याच अनोळखी मंडळींबरोबर जेवावें लागे. लोकांना याचा कंटाळा येऊं लागला. १९९० सालीं 'क्रिस्टल हार्मनी' या जहाजावर एक जपानी व एक इटालियन अशीं दोन निराळीं भोजनगृहें ठेवण्यांत आलीं, परंतु त्यांना वेगळा आकार नव्हता. पुढें २००० सालीं नॉर्वेजियन कंपनीनें ठरावीक वेळ आणि ठरावीक टेबल हें बंधनच काढून टाकलें, आणि प्रवाशानें जहाजावरच्या अनेक भोजनगृहांतून रोज निवड करावी अशी पद्धत घातली. निवड वाढली, आणि तिच्याबरोबर निवडीची किंमतहि आली. यामागचें कारण व्यापारी आहे. तिकीट काढतांना गिऱ्हाईक चार कंपन्यांचीं भाडीं शेजारीं ठेवून पाहतें. म्हणून भाडें चढवितां येत नाहीं. एकदां जहाज सुटलें कीं अशी तुलना उरत नाहीं. कार्निव्हल कॉर्पोरेशन या सर्वांत मोठ्या कंपनीच्या २०२३ सालच्या हिशेबांत एकूण उत्पन्न सुमारे २,१६० कोटी डॉलर आहे, आणि त्यांपैकीं सुमारे ७५० कोटी डॉलर तिकिटांवांचून, म्हणजे जहाजावरची विक्री व तत्सम बाबींतून आलेले आहेत. मद्य, जुगार, किनाऱ्यावरच्या सहली आणि हीं खास भोजनगृहें, सर्व त्यांत आलें.

आतां जादा पैशांत मिळतें काय तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, तेथें अन्न अधिक उंची मिळतें. ही समजूत अर्धीच खरी आहे. मांसाचा कांहीं भाग अधिक चांगल्या प्रतीचा असतो हें कबूल. पण भाजी, पीठ, दूध, लोणी हा सगळा माल त्याच बंदरावर, त्याच दिवशीं, त्याच कोठारांत भरलेला असतो. फरक आहे तो रांधण्याच्या रीतींत. मुख्य भोजनगृहांत तासा-दीड तासांत शेंकडों लोकांना वाढावयाचें असतें. म्हणून पदार्थ मोठ्या प्रमाणावर आगाऊ तयार करून ठेवावे लागतात. आपल्याकडे लग्नाच्या पंगतींतला मसालेभात चांगला असतो, पण घरीं चौघांपुरत्या केलेल्या भाताची वाफ त्याला नसते, तसाच हा प्रकार. खास भोजनगृहांत टेबलें थोडीं. तुम्ही सांगितल्यावर पदार्थ चुलीवर चढतो. वाढप्याकडे माणसें कमी, म्हणून तो घाई करीत नाहीं. शिवाय तेथें शांतता असते. डिस्ने कंपनीच्या जहाजांवर चहूंकडे मुलेंच मुलें. परंतु १९९८ सालच्या 'मॅजिक' या तिच्या पहिल्या जहाजापासूनच 'पालो' नांवाचें जादा आकाराचें एक भोजनगृह केवळ प्रौढांसाठीं राखलेलें आहे. तेथें जो आकार घेतात त्याचा मोठा भाग शांततेचाच म्हटला पाहिजे. थोडक्यांत, जादा पैशांत आपण मुख्यतः निवांत वेळ आणि ताजेपणा विकत घेतों. ज्याला यांची गरज आहे त्यानेंच तो पैसा खर्चावा.

आतां शाळेंतल्याप्रमाणें एक उदाहरण फळ्यावर मांडूं. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर स्टेकहाउसमधल्या रात्रीच्या जेवणाचा आकार सध्यां बहुधा माणशीं ५० डॉलरांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, आणि त्यावर १८ ते २० टक्के सेवेबद्दल म्हणून चढतात. ५० डॉलर व १८ टक्क्यांचे ९ मिळून ५९ झाले, नवराबायकोंचे ११८. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर १०,०३० रुपये झाले. पेयाचें बिल निराळें. येथें पुष्कळ लोक एक चूक करतात. ते म्हणतात, मुंबईंतल्या एखाद्या मोठ्या हॉटेलांत दोघांना इतकेच पैसे पडतात. पण ही तुलना बरोबर नाहीं. हॉटेलांत न गेलों तर घरीं चूल पेटवावी लागते; जहाजावर न गेलों तर चार पदार्थांचें जेवण पलीकडच्या दालनांत वाढून तयार असतें. म्हणून दहा हजार रुपये एका जेवणाचे नसून दोन जेवणांतल्या फरकाचे आहेत. हा फरक दहा हजारांचा वाटतो काय, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा.

याच हिशेबानें घाऊक सवलतीचाहि विचार करावा. जहाजावर चढल्या दिवशींच ठिकठिकाणीं मेजें मांडून तीन अगर पांच जेवणांची एकत्र विक्री चाललेली असते. समजा, एक जेवण ५० डॉलरांना आणि तीन मिळून १२० ला. दर जेवणामागें दहा डॉलर वांचले असें वाटतें. परंतु ज्याला एकदांच जावयाचें होतें, त्याचे दहा वांचत नाहींत, सत्तर अधिक जातात. चार रात्रींच्या सफरींत तीन रात्री बाहेरच्या भोजनगृहांत घालविल्या तर भाड्यांतलें जेवण घेतलें केव्हां? चौदा रात्रींची सफर असेल आणि मुख्य भोजनगृहाचा कंटाळा येण्याचा संभव असेल, तर मात्र ही सवलत उपयोगीं पडते. ज्यांना केवळ त्या ठिकाणचा स्वयंपाक पाहावयाचा आहे त्यांनीं दुपारच्या जेवणाची चौकशी करावी. जेथें तें मिळतें तेथें त्याचा आकार बहुधा रात्रीपेक्षां कमी असतो.

आपल्या घरांतल्या शाकाहारी मंडळींविषयीं वेगळें सांगितलें पाहिजे. बहुतेक स्टेकहाउसांत आकार माणशीं ठरलेला असतो. तुम्ही काय खातां यावर तो अवलंबून नसतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबांतल्या मुलानें आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशीं मोठ्या प्रेमानें पांच माणसांची अशी पंगत ठरविली. वडील माणसें दोघेंहि शाकाहारी. उकडलेला बटाटा, अळंबीं आणि पाव एवढ्यावर त्यांचें जेवण आटोपलें, आणि मुलाचें मन मोडूं नये म्हणून दोघांनींहि चांगलें होतें म्हणून सांगितलें. तेच मुख्य भोजनगृहाच्या प्रमुखाला आदल्या दिवशीं कळविलें असतें, तर वरणभाजीची सोय भाड्यांतच झाली असती. अनेक जहाजांवर ती होते, कारण त्यांच्या स्वयंपाकघरांत आपल्याकडचे आचारी पुष्कळ असतात. २०२१ पासून मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजावर तर शाकाहारी आणि जैन जेवण भाड्यांतच धरलेलें असतें. म्हणून आकार भरण्यापूर्वीं पदार्थांची यादी मागून घ्यावी आणि ज्यांच्यासाठीं खर्च करावयाचा त्यांनाच ती वाचावयास द्यावी.

आतां शेवटचा आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एका पंगतींत बसलेल्यांना निरनिराळें वाढणें याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो दोष मानतात. शेजारच्या दालनांत कोणी अधिक पैसे देऊन जेवला तर त्यांत दोष आहे असें मी म्हणत नाहीं. ज्याला हौस आहे त्यानें ती करावी. दोष उत्पन्न होतो तो, जादा आकाराचें ताट खपावें म्हणून भाड्यांतलें ताट हलकें होऊं लागतें तेव्हां. याचीं चिन्हें दिसतात. नॉर्वेजियन कंपनीनें २०१५ सालीं खोलींत जेवण आणून देण्याबद्दल ७ डॉलर ९५ सेंट आकारण्यास सुरुवात केली. कार्निव्हल जहाजांवर २०२२ च्या अखेरीस मुख्य भोजनगृहांतच तिसरा मुख्य पदार्थ मागणाऱ्यावर ५ डॉलर बसले. कित्येक जहाजांवर मुख्य भोजनगृहाच्या यादींतहि कांहीं पदार्थांपुढें आतां किंमत छापलेली असते. एकेकटी पाहिली तर यांतली प्रत्येक बाब किरकोळ आहे. पण ज्या वृद्ध जोडप्यानें अनेक वर्षें पैसे सांठवून एकच सफर केली, त्याला सर्वांच्या पंगतींतलेंच ताट मिळणार आहे. तें ताट जर दरवर्षीं थोडें थोडें उतरत गेलें, तर त्याची भरपाई शेजारचें झगझगीत दालन करूं शकत नाहीं.

यासाठीं सफर ठरवितांना जहाजावर खास भोजनगृहें किती आहेत हें आधीं विचारूं नये. मुख्य भोजनगृहांतलें जेवण कसें आहे हें विचारावें, आणि नुकत्याच जाऊन आलेल्या माणसाला विचारावें. तें चांगलें असेल, तर एखाद्या रात्रीं, कांहीं निमित्त असेल तेव्हां, सर्वांना रुचेल असें पाहून जादा आकाराचें जेवण खुशाल घ्यावें. एका सफरींत एकदां हें प्रमाण सामान्य कुटुंबाला पुरेसें आहे. तें चांगलें नसेल, तर रोज दुप्पट पैसे देऊन पोट भरण्यापेक्षां दुसरें जहाज पाहावें हेंच शहाणपणाचें. बंदरावर उतरण्याचे जे दिवस असतात, त्या दिवशीं तर गांवांतल्या एखाद्या साध्या खानावळींत बसून तेथल्या लोकांचें जेवण जेवावें. त्याला पैसे कमी पडतात, आणि तें जहाजावर कोणत्याहि किंमतीला मिळत नाहीं.