आधी ताट की आधी गोळी?

लेखांक ६

‘आधी वजन कमी करा, मग पाहू.’ पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असलेल्या आणि चान्स घेत असलेल्या बाईला दवाखान्यात हे हमखास ऐकवलं जातं. घरी सूर वेगळा असतो: गोळ्यांच्या नादी लागू नकोस, मेथीचं पाणी पी, सगळं सुरळीत होईल. निदान कसं होतं ते मागच्या लेखात पाहिलं. आता मूल हवं असेल तर सुरुवात कुठून करायची, ते पाहू.

पीसीओएसमध्ये गर्भ राहत नाही तो बहुतेक वेळा स्त्रीबीज वेळेवर फुटत नाही म्हणून. बीजकोशात पुटिका वाढू लागतात आणि अर्ध्यावर थांबतात. यात इन्सुलिनचा मोठा हात असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. हे जादा इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. वर टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं, यकृतात तयार होणारं प्रथिनही घटवतं. आहार आणि व्यायाम इथे, मुळाशी काम करतात. बीज फुटावं म्हणून दिली जाणारी लेट्रोझोलची गोळी इन्सुलिनच्या वाटेला जातच नाही. पाळीच्या सुरुवातीचे पाच दिवस ती इस्ट्रोजेन कमी करते, ते कमी झालेलं पाहून पिट्युटरी ग्रंथी पुटिका वाढवणारं एफएसएच हे संप्रेरक जास्त सोडते आणि अडलेली पुटिका पुढे सरकते. दोघांची कामं वेगळी आहेत, त्यामुळे ‘हे की ते’ असा सामना लावण्यात फारसा अर्थ नाही. खरा प्रश्न क्रमाचा आणि हातात असलेल्या वेळेचा आहे.

आहाराच्या बाजूने नेहमी दाखला दिला जातो तो ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा. 1995 साली तिथल्या डॉक्टरांनी स्त्रीबीज न फुटणाऱ्या लठ्ठ स्त्रियांचा सहा महिन्यांचा गट-कार्यक्रम प्रसिद्ध केला. शेवटपर्यंत टिकल्या 13 जणी. त्यांचं वजन सरासरी 6.3 किलोने उतरलं, 12 जणींचं बीज फुटू लागलं आणि 11 जणींना दिवस राहिले. यातलं महत्त्वाचं म्हणजे या बायका बारीक झाल्या नव्हत्या. वजन थोडंच उतरलं होतं आणि तेवढ्यावर बीजकोश कामाला लागले. पण आकडा किती छोटा आहे तेही पाहा, आणि अर्ध्यावर सोडून गेलेल्या या 13 जणींत नाहीत.

2016 साली नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीने या उत्साहावर पाणी टाकलं. वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या 577 लठ्ठ स्त्रियांपैकी (सगळ्यांना पीसीओएस नव्हता) एका गटाला आधी सहा महिने आहार-व्यायाम, मग उपचार असं ठेवलं. दुसऱ्या गटाला लगेच उपचार. पूर्ण दिवसांचं, एकच निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचं प्रमाण दोन वर्षांत पहिल्या गटात 27 टक्के, तर दुसऱ्यात 35 टक्के निघालं. आहाराच्या गटात उपचारांशिवाय आपोआप दिवस राहिलेल्या स्त्रिया मात्र जास्त होत्या. म्हणजे वजन घटवणं वाया जात नाही, पण त्यासाठी उपचारांचं दार बंद ठेवणं महागात पडू शकतं.

औषधांचा पुरावा जास्त ठाम आहे. 2007 च्या अमेरिकी चाचणीत मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर नुसत्या बाळ झालं 7.2 टक्के स्त्रियांना, क्लोमिफिन या बीज फुटण्यासाठीच्या जुन्या गोळीवर 22.5 टक्के. 2014 मध्ये 750 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत क्लोमिफिन 19.1 टक्क्यांवर राहिलं आणि लेट्रोझोल 27.5 टक्क्यांपर्यंत गेलं. 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं म्हणूनच लेट्रोझोलला पहिली पसंती देतात. आपल्याकडे या औषधाच्या वंध्यत्वासाठीच्या वापरावर 2011 मध्ये बंदी आली होती, ती 2017 मध्ये उठली. ‘ही तर कॅन्सरची गोळी’ अशी भीती काहींच्या मनात असते. हे औषध स्तनाच्या कर्करोगासाठी वापरलं जातं हे खरं, पण म्हणून पाळीतल्या पाच दिवसांच्या गोळ्या म्हणजे केमोथेरपी नव्हे.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बरीच वर्षं दाखवून दिलं आहे की भारतीय शरीर वरून सडपातळ दिसलं तरी आत चरबी भरपूर असू शकते. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपला आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय 22.3, पण चरबी एकाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. त्यामुळे ‘तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओएस’ या शेऱ्याला काही आधार नाही. अशा मुलीला वजन उतरवायला सांगणं मात्र तितकंच चुकीचं. तिने चालावं, स्नायू कमवावेत, जेवणात उसळ, डाळ, अंडी वाढवावीत. किलो मोजत बसू नये.

ताटात नेमकं काय असावं? पीसीओएससाठी अमुकच आहार सरस, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. ‘गहू बंद, दूध बंद’ अशा याद्या फिरतात, त्यांचा मला कंटाळा आला आहे. भाकरी असो की पोळी, प्रमाण जपलं, भाताचा डोंगर उतरवला, उपासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी हाणली नाही आणि हे सहा महिने निभावलं, तर पुष्कळ झालं. गर्भ राहण्याच्या तोंडावर उपाशी राहून वजन पाडू नये.

माझं मत सांगतो. तिशीच्या आतली, वजन जास्त असलेली बाई तीन ते सहा महिने आहार-व्यायामाला देऊ शकते. पस्तिशी गाठलेलीने थांबू नये, दोन्ही सोबत सुरू करावं. फॉलिक ॲसिड आणि साखर-थायरॉइडच्या तपासण्या दोघींनाही हव्यात. लेट्रोझोल घेताना निदान सुरुवातीला सोनोग्राफीने बीजाची वाढ पाहून घ्यावी, कारण एकाऐवजी दोन बीजं फुटून जुळं राहू शकतं. शेजारणीला लागू पडली म्हणून मेडिकलमधून ही गोळी आणू नये. आणि हे सगळं सुरू होण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी व्हावी. बायकोच्या फाइलीत सोनोग्राफीच्या रिपोर्टांची थप्पी आणि नवऱ्याचा एकही कागद नाही, असं अजूनही दिसतं.

दिवस राहिल्यावर मेटफॉर्मिन चालू ठेवायचं की बंद करायचं, ते पुढच्या लेखात.