डाव हरला, पण नेमका कोठे?

जालना : नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला. तिच्या डावांतील सुरुवातीच्या चाली जालन्यातील हौशी बुद्धिबळपटूला पाठ कराव्याशा वाटल्या, तर नवल नाही. मात्र, प्रतिस्पर्ध्याने पाठाबाहेरची चाल केली, की ही तयारी कोलमडते.

चार चालींत होणारी मात हे याचे साधे उदाहरण. काळ्या राजाच्या उंटापुढील 'एफ ७' या घराची राखण एकटा राजा करतो. पांढऱ्याचे उंट आणि वजीर त्याच घरावर रोखलेले असतात. तरीही काळा घोडा बाहेर काढून वजिरावर हल्ला करतो आणि फसतो. त्याऐवजी तिसऱ्या चालीला राजाकडील घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकविले, तर वजिराची वाट अडते आणि त्यालाच मागे हटावे लागते. हे कारण उमगले, की चाली पाठ कराव्या लागत नाहीत.

म्हणूनच हरल्यावर लगेच पट आवरू नये. लिहून ठेवलेल्या चाली पुन्हा मांडाव्यात. डाव कोठे फिरला आणि त्या वेळी आपल्या मनात काय होते, हे आधी स्वतः लिहावे. संगणकाचे मत त्यानंतर घ्यावे. संगणक चूक दाखवितो. ती का झाली, हे खेळाडूलाच शोधावे लागते.