देवस्की आणि गोळी
(मनाचे आजार : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात स्किझोफ्रेनियाची लक्षणं पाहिली. आज भांडणाचा विषय : तो होतो कशामुळे?

मालवणकडच्या एखाद्या घरात तरणा मुलगा एकटाच पुटपुटू लागला, रात्र रात्र जागू लागला, की पहिलं निदान ठरलेलं. "भायरचा काय तरी आसा." मग देवस्की बघणं, देवळात कौल लावणं, गाऱ्हाणं घालणं. तेवढ्यात मुंबईचा पुतण्या फोनवरून सांगतो, "काका, मेंदूतलं केमिकल बिघडलंय." कारण दोघांनाही पक्कं ठाऊक!

देवस्कीला हसण्यात अर्थ नाही. 'आमच्याच घरात का, आत्ताच का' या प्रश्नाला डॉक्टरकडे उत्तर नसतं. तिथे ते मिळतं. राहिलेला नवस, दुखावलेला राखणदार, जमिनीचा जुना तंटा. शिवाय रुग्णावर ठपका येत नाही. पण तो कुणावर तरी येतोच. बहुतेकदा एखाद्या चुलतीवर, नाहीतर एकट्या राहणाऱ्या शेजारणीवर. हा या पद्धतीतला सगळ्यात क्रूर भाग.

आता पुतण्याचं केमिकल. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं, आणि गुण आला. ते डोपामीनवर काम करतं हे पुढच्या दशकात उमगू लागलं. म्हणजे औषध आधी, कारणाचा तर्क मागाहून. होडीतलं पाणी उपसता आलं म्हणजे भोक कुठे आहे ते सापडलं, असं होत नाही. आनुवंशिकता आहेच, पण हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण फार तर निम्म्याच्या आसपास. बालपणीचे आघात, गांजा, परक्या मुलखातलं स्थलांतर यांनीही धोका वाढतो. एका वाक्यात मावेल असं कारण आज विज्ञानाकडेही नाही.

माझं म्हणणं एवढंच की, कारणाचा निकाल लागेपर्यंत उपचार अडवू नयेत. पहिल्या झटक्यानंतर औषधाविना जितके दिवस जातात, तितकं पुढचं सुधारणं अवघड होतं. एका अवसेला बघणं, मग पुढच्या जत्रेपर्यंत थांबणं, यात वर्ष निघून जातं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासून आहे, तरी 'तुका रत्नागिरीक धाडूक होयो' ही आपल्याकडे चेष्टाच राहिली. त्या चेष्टेपायी किती घरांनी आजार लपवला असेल!

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपट मिळाला तर बघा. कोकणातल्या देवराईत मन गुंतलेला शेष आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची ती गोष्ट. आजाऱ्याइतकंच सांभाळणाऱ्याचंही माणूस म्हणून काय होतं, ते मराठीत इतक्या समजुतीने क्वचितच आलंय.

गाऱ्हाणं घालायचं तर घाला. कुणाच्या श्रद्धेवर डॉक्टरने घाव घालू नये, आणि गोळी बंद करायला देवळातल्या कुणी सांगू नये. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळदंडात ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही बंदी आहे.

घरात असं कुणी असेल तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तेही जमत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेली-मानस क्रमांक फिरवा. फोन रात्रीही उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं.