चांदीपुऱ्याचा विषाणू : अडतीस वर्षांची ढिलाई

१९६५ साली नागपूर भागात डेंग्यू-चिकुनगुन्याची साथ सुरू होती. त्या वेळी दोन तापकऱ्यांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या 'एनआयव्ही'ला, एक अनोळखी विषाणू सापडला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि ज्या वस्तीत तो सापडला, तिचंच नाव त्याला मिळालं : चांदीपुरा. तो सँडफ्लाय माशीतही सापडला, पण माणसाला साधा ताप आणणारा म्हणून त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

त्याआधीची मेंदूज्वराची एक साथ आठवते. १९१६-१७च्या हिवाळ्यात व्हिएन्नात डॉ. फॉन इकोनोमो यांच्याकडे जेवताजेवता झोपी जाणारे रुग्ण येऊ लागले. मेंदूला सूज आणि न सुटणारी गुंगी. दहाएक वर्षांत हा आजार जगभर फिरला आणि ओसरला. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे कंपवातासारख्या विकाराने जखडलं. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यातल्या काहींना एल-डोपा हे औषध दिलं, तेव्हा ती माणसं काही काळ हलू-बोलू लागली. त्या साथीचं कारण मात्र आजवर पक्कं सापडलेलं नाही.

आपल्याकडे उलटं झालं. कारण आधी हाती आलं, साथ नंतर. २००३च्या पावसाळ्यात आंध्रात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. महाराष्ट्रातही मुलं गेली. नमुने पुण्याला आले आणि निदान झालं : चांदीपुरा. इथे व्हिएन्नासारखी वर्षानुवर्षांची गुंगी नव्हती. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी. बरीच मुलं दोन दिवसांच्या आत गेली. २००७ मध्ये साथ नागपूर विभागातच परतली. २०२४ मध्ये प्रामुख्याने गुजरातेत जून ते मध्य ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यातल्या ६४ जणांत चांदीपुरा पक्का झाला.

विषाणू ओळखून साठएक वर्षं झाली, तरी लस नाही, नेमकं औषध नाही. हा आजार खेड्यापाड्यांतल्या गरीब घरांतल्या पोरांचा, हेच याचं मोठं कारण असावं, असं मला वाटतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेतला अहवाल येईपर्यंत या आजारात वेळ नसतो. हा विषाणू पसरवणारी सँडफ्लाय भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलीत वाढते. त्या भेगा लिंपून घ्या, मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवा, आणि पावसाळ्यात तापलेल्या मुलाला झटका आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.