वाडवडिलांचं काय?

लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण बाप्तिस्मा म्हणजे काय ते पाहिलं. तो विषय निघाला की त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न येतोच. नार्नूरसारख्या गावात तर हा प्रश्न पुस्तकात राहत नाही, घरात येतो. आदिलाबाद जिल्ह्यातल्या या डोंगराळ मंडलात गोंडी, बंजारा बोली, मराठी आणि तेलुगू एकाच रस्त्यावर कानावर पडतात. कुणी पर्सा पेनला मानतं, कुणी सेवालाल महाराजांना, कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, कुणी दिवसातून पाच वेळा नमाज पढतं. अशा वस्तीत एखादं घर ख्रिस्ती झालं, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात पहिल्यांदा काय येईल? तू तरशील रे, पण तुझ्या आजोबांचं काय? ते बिचारे येशूचं नावही न ऐकता गेले.

जुन्या गोव्यात ज्यांचं शव आजही जपून ठेवलं आहे, त्या फ्रान्सिस झेवियर यांना हाच प्रश्न जपानमध्ये विचारला गेला होता. तिथून परतल्यावर 1552 च्या जानेवारीत त्यांनी कोचीनहून युरोपातल्या आपल्या सोबत्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. नव्याने ख्रिस्ती झालेले जपानी लोक आपल्या आईवडिलांसाठी, पूर्वजांसाठी रडत होते, असं त्यात आहे. दानधर्म करून, प्रार्थना करून त्यांना सोडवता येईल का, असं ते पुन्हा पुन्हा विचारत. झेवियर यांनी त्या काळच्या शिकवणीप्रमाणे ‘नाही’ म्हणून सांगितलं. आणि त्या माणसांचं दुःख पाहून आपल्यालाही वाईट वाटलं, हेही लिहून ठेवलं. पण त्याच पत्रात आणखी एक मुद्दा आहे. देव जर इतका दयाळू, तर त्याने आमच्याकडे इतकी शतकं कुणालाच कसं पाठवलं नाही, असं जपान्यांनी विचारलं होतं. त्यावर झेवियर यांचं उत्तर असं : चीनमधून तुमच्याकडे धर्मग्रंथ आले त्याच्या आधीही खून करणं, चोरी करणं वाईट, हे तुम्हाला कळत होतंच. ते कुणी शिकवलं? ज्याने माणूस घडवला त्यानेच. म्हणजे देव तिथे आधीपासून होता, हे झेवियर यांनी मान्य केलं होतं. पूर्वजांच्या तारणापर्यंत मात्र ते पोहोचले नाहीत. कॅथोलिक ख्रिस्तसभेला ते उरलेलं अंतर कापायला चारशे वर्षं लागली.

‘चर्चबाहेर तारण नाही’ हे सूत्र तिसऱ्या शतकातलं. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्या लेखणीतून ते आलं. ते लिहिताना सिप्रियन यांच्यासमोर परधर्मीय नव्हते, फुटून वेगळे झालेले ख्रिस्ती गट होते. भांडण घरातलं होतं. पुढे मात्र या वाक्याला धार चढत गेली. पोप आठवे बोनिफेस यांनी 1302 मध्ये, फ्रान्सच्या राजाशी सत्तासंघर्ष चालू असताना, प्रत्येक माणसाने पोपच्या अधीन असणं तारणासाठी आवश्यक असल्याचं जाहीर केलं. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने तर मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी आणि फुटीर अशी यादी देऊन हे सगळे नरकाग्नीत जातील, असं लिहिलं. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांना या शब्दांची भीती वाटली, ते काही विनाकारण घाबरले नव्हते.

त्या काळी असं लिहिलं गेलं ते का, हेही समजून घ्यायला हवं. मध्ययुगीन युरोपची समजूत अशी होती की शुभवर्तमान जगभर पोहोचून चुकलं आहे. तेव्हा जो बाहेर राहिला तो जाणूनबुजून राहिला. अपवाद असला तरी विरळाच. तेराव्या शतकातले थोर तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी असा एक अपवाद कल्पून पाहिला होता. एखादं मूल जंगलात, श्वापदांच्या संगतीत वाढलं आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागत राहिलं, तर त्याचं काय? अक्वायनस म्हणाले, देव त्याला वाऱ्यावर सोडणार नाही; एकतर आतून प्रेरणा देईल, नाहीतर कुणाला तरी त्याच्याकडे धाडेल. मग 1492 साल उजाडलं. अटलांटिकच्या पलीकडे अख्खं खंड निघालं, आणि तिथल्या कोट्यवधी माणसांपर्यंत पंधरा शतकं येशूचं नाव गेलेलंच नव्हतं. एका कल्पित मुलासाठी केलेला विचार आता साऱ्या मानवजातीला लावावा लागणार होता.

तो एका फटक्यात लागला नाही. 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्म्याबरोबर ‘बाप्तिस्म्याची इच्छा’ हा शब्दप्रयोग स्वीकारला. चर्चबाहेर देवाची कृपा मुळीच मिळत नाही, हे मत पोप अकरावे क्लेमेंट यांनी 1713 मध्ये चुकीचं ठरवलं. एरवी अत्यंत कडक म्हणून ओळखले जाणारे पोप नववे पायस यांनीही 1863 मध्ये लिहिलं, की ज्याला स्वतःचा दोष नसताना सत्य कळलेलं नाही आणि जो प्रामाणिकपणे जगतो, त्याला देव शाश्वत शिक्षा देणार नाही. ही काही आधुनिक काळातली सारवासारव नव्हे. धागा जुनाच आहे.

पण कुणी तो मानायलाच तयार नसेल तर? अमेरिकेत बोस्टनजवळ लिओनार्ड फीनी नावाचे एक जेझुइट धर्मगुरू होते. उत्तम वक्ते, तरुणांवर छाप पाडणारे. कॅथोलिक नसलेला कुणीही तरणार नाही, असं ते जाहीर सांगू लागले. रोमने 8 ऑगस्ट 1949 रोजी बोस्टनच्या आर्चबिशपना पत्र पाठवून त्यांची चूक दाखवली. चर्चचा प्रत्यक्ष सभासद असणं प्रत्येकाच्या बाबतीत अपरिहार्य नाही. अंतःकरणातली ओढ, मग ती त्या माणसाला स्वतःलाही स्पष्ट कळलेली नसली तरी, पुरेशी ठरू शकते, असं त्या पत्रात आहे. मात्र त्या ओढीमागे श्रद्धा आणि प्रेम हवं, अशी अटही आहे. फीनी बधले नाहीत. रोमने बोलावलं तेव्हा गेले नाहीत, आणि 1953 मध्ये त्यांना चर्चमधून बहिष्कृत करण्यात आलं. 1972 मध्ये समेट झाला. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण नरकाची भीती घालणाऱ्याला ख्रिस्तसभेने इथे स्वतःच रोखलं आहे, तेही दुसरी व्हॅटिकन परिषद भरण्याच्या तेरा वर्षं आधी.

आता ‘बाहेर’ कोण हे ठरवायचं तर आधी ‘आत’ म्हणजे कुठे, ते पाहायला हवं. त्यासाठी नार्नूरहून लांब जायची गरज नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात गेले, नार्नूर तेलुगू बाजूला राहिलं. कॅथोलिक नकाशावर मात्र ही रेघ कित्येक वर्षं उमटलीच नाही. 1962 मध्ये रोमने चांदा परिसराचं मिशनकार्य केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे, त्यातल्या सीएमआय या धर्मसंघाकडे सोपवलं. 1977 मध्ये चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला, त्याचं ठाणं बल्लारपूरला. चंद्रपूर, वर्धा आणि आदिलाबाद त्यात एकत्र नांदत होते. 1999 मध्ये आदिलाबाद वेगळा धर्मप्रांत झाला. त्याचे बिशप मंचिर्यालला असतात.

हे सिरो-मलबार चर्च पोपला मानतं, पण त्याचा विधी रोमन नाही. संत थॉमस यांची परंपरा सांगणारे हे लोक. त्यांची मिस्सा पूर्व सिरियाक वळणाची, आणि तिच्यातली मुख्य प्रार्थना अदै आणि मारी यांच्या नावाने ओळखली जाते. वसईचा कुपारी आणि आदिलाबादचा ख्रिस्ती दोघेही कॅथोलिकच, पण एक लॅटिन परंपरेतला, दुसरा सिरियाक. अशी एकूण चोवीस स्वायत्त चर्चेस मिळून कॅथोलिक ख्रिस्तसभा होते. सार्वत्रिकता ती हीच. ती विसरली गेली तेव्हा काय झालं, हेही आपल्याच किनाऱ्यावर घडलं आहे. 1599 मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूरला सभा भरवून या लोकांवर लॅटिन रीतिरिवाज लादले. त्याची जखम अजूनही पूर्ण भरलेली नाही. सगळीकडे पसरणं म्हणजे सगळ्यांना एकसारखं करणं, ही समजूत चुकीची होती, हे 21 नोव्हेंबर 1964 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पौर्वात्य चर्चेसना समान प्रतिष्ठा देऊन मान्य केलं.

त्याच दिवशी दुसरा एक दस्तऐवज मंजूर झाला, ‘लुमेन जेन्तियुम’. आजच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या चौदा ते सोळा या परिच्छेदांत आहे. आधी इतर ख्रिस्ती लोकांचा विचार आहे. अहमदनगरचे ना. वा. टिळक किंवा मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई कॅथोलिक नव्हत्या. 1442 च्या यादीने त्यांना बाहेर काढलं असतं. 1964 चा मजकूर अशांच्या बाप्तिस्म्याचा मान राखतो आणि पवित्र आत्मा त्यांच्यातही काम करतो, असं सांगतो. मग यहुदी येतात, मुसलमान येतात, छायेत आणि प्रतिमांत अज्ञात देवाला शोधणारे येतात. शेवटी ज्यांना देव अजून स्पष्ट उमगलेला नाही पण जे सरळपणे जगू पाहतात, तेही येतात. स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही आणि जे सदसद्विवेकाला जागतात, त्यांना तारण मिळू शकतं. आजोबांसाठी दार बंद नाही.

या परिच्छेदांतली दोन वाक्यं मात्र लोक सोयीने गाळतात. एक सोळाव्यात आहे : माणूस पुष्कळदा भरकटतो, खोट्याच्या मागे जातो, म्हणून शुभवर्तमान सांगण्याचं काम थांबत नाही. दुसरं चौदाव्यात, आणि ते कॅथोलिकांनाच उद्देशून : जो चर्चमध्ये देहाने आहे पण प्रेमात टिकलेला नाही, तो तरणार नाही. माझ्या मते सगळ्या मजकुरात सर्वांत कडक हेच आहे. नाव नोंदवलेल्या माणसाला त्यात कसलीही हमी नाही.

अक्वायनस यांचं जंगलातलं मूल आणि नार्नूरचा गोंड आजोबा यांची गल्लत मात्र कुणी करू नये. त्या मुलाला धर्म नव्हता. आजोबांना होता. केसलापूरला नागोबाच्या जत्रेत मेश्राम कुळाचे लोक गोदावरीचं पाणी पायी चालत जाऊन आणतात, त्या जलाने देवाची पूजा करतात. ही वाडवडिलांकडून आलेली, शिकवलेली, जपलेली श्रद्धा आहे. मग असा माणूस तरला तर तो आपल्या धर्मामुळे, की धर्म असूनही?

या प्रश्नावर नोव्हेंबर 1964 च्या अखेरीस मुंबईत एक परिसंवाद भरला होता. हान्स क्यूंग, रायमुंडो पणिक्कर अशी धर्मशास्त्रातली मोठी नावं त्यात होती. इतर धर्म हे बहुसंख्य माणसांसाठी तारणाचा नेहमीचा मार्ग आहेत, इथपर्यंत क्यूंग गेले. परिसंवादाचे निबंध संपादित केले ते पुण्याच्या जोसेफ नॉयनर यांनी. हे ऑस्ट्रियन जेझुइट 1938 मध्ये भारतात आले, पुण्यात पिढ्या शिकवल्या, व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ म्हणून बसले आणि 2009 मध्ये वयाच्या एकशे एकाव्या वर्षी पुण्यातच वारले. परिसंवाद संपून आठवडा व्हायच्या आत पोप सहावे पॉल मुंबईत उतरले, आणि 3 डिसेंबरला सर्वधर्मीय प्रतिनिधींसमोर त्यांनी उपनिषदातली प्रार्थना आदराने उच्चारली. पुढच्या वर्षी परिषदेच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेने हिंदू धर्माचं नाव घेऊन सांगितलं, की इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे त्यातलं काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही.

क्यूंग यांच्या मताइतकी पुढे रोमची अधिकृत शिकवण गेली नाही. 2000 सालच्या ‘दोमिनुस येसुस’ने बजावलं, की ख्रिस्त हा अनेक तारणाऱ्यांपैकी एक नव्हे, आणि सगळे धर्म समांतर वाटा नव्हेत. आशियातल्या अनेक कॅथोलिकांना त्या दस्तऐवजाचा सूर बोचला, आणि तो बोचण्यासारखा होताही. पण त्यातला मुद्दा नवा नव्हता. ज्याला कुणाला तारण मिळतं त्याला ते ख्रिस्ताकडूनच मिळतं, त्याला ते ठाऊक असो वा नसो, ही कॅथोलिक श्रद्धा आहे. हिंदू वाचकाला ती पटणार नाही, कदाचित खटकेल. ‘सगळे धर्म सारखेच’ असं कॅथोलिक चर्च म्हणतं, असा गोड समज करून घेण्यापेक्षा ते खरोखर काय मानतं हे कळलेलं बरं.

नार्नूरच्या संदर्भात आणखी एक दस्तऐवज सांगायलाच हवा. परिषदेच्या 7 डिसेंबर 1965 च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणेच्या चौथ्या परिच्छेदात, धर्मप्रसार करताना जबरदस्ती किंवा आडमार्गाने वळवणं वर्ज्य केलं आहे, आणि गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर विशेषच. तेव्हा पूर्वज नरकात गेले असं सांगून कुणी एखाद्या गोंड किंवा बंजारा घराला घाबरवत असेल, तर तो कॅथोलिक शिकवण सांगत नाही, तिच्या विरुद्ध बोलतो आहे. अशा वेळी त्याला हा परिच्छेद दाखवण्याचा हक्क त्या घराला आहे, आणि शेजारच्या कॅथोलिक माणसाचं ते कर्तव्यच आहे.

बाप्तिस्मा न मिळता गेलेल्या तान्ह्या बाळांचं काय, यावर रोमच्या धर्मशास्त्रीय आयोगाने 2007 मध्ये लिहिलं. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.