बचावपटूची पारख

कबड्डीच्या मैदानाभोवती जमलेल्या गर्दीचे डोळे बहुतेक वेळ चढाईपटूवर असतात. तो एकटाच मध्यरेषा ओलांडतो, सात जणांच्या अंगणात शिरतो, गडी मारतो आणि दम न सोडता परत येतो. त्याचे यश आणि अपयश तीस सेकंदांत सगळ्यांसमोर होते. त्यामुळे चांगला चढाईपटू ओळखायला फार मोठी नजर लागत नाही. गावातले पोरसवदा प्रेक्षकही ते सांगतात. बचावपटूचे तसे नाही. त्याचे बरेचसे काम न घडलेल्या गोष्टींत असते. चढाईपटू त्याच्या कोपऱ्याकडे वळलाच नाही, हे त्याचेच कर्तृत्व. पण त्याची नोंद गुणफलकावर होत नाही. म्हणून सतरा-अठरा वर्षांच्या बचावपटूकडे पाहून ‘हा पुढे व्यावसायिक खेळाडू होईल’ असे म्हणणे हे कबड्डीतले सर्वांत अवघड भाकीत आहे.

आज त्या भाकितावर बरेच काही अवलंबून असते. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले होते. २०२३च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली, आणि त्याच लिलावात मुख्यतः डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले. त्या हंगामाचे विजेतेपदही पलटणने मिळवले. हे आकडे टीव्हीवरून गावोगाव पोहोचले. पूर्वी कबड्डीतून रेल्वे, पोलीस किंवा बँकेतली नोकरी मिळावी, एवढीच घरच्यांची अपेक्षा असे. आता मुलगा कॉलेज सोडून अकादमीत जायचे म्हणतो आणि बाप शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला विचारतो, ‘सर, होईल का याचं काही?’ त्या प्रश्नाचे उत्तर कशाच्या आधारावर द्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

बचावाचे काम

सात जणांच्या बचावात दोन टोकांना कोपरारक्षक आणि आतल्या बाजूला मध्यरक्षक असतात. कोपरारक्षकाची हत्यारे म्हणजे घोटा पकड आणि पट काढणे. मध्यरक्षकाची म्हणजे अंगावर जाऊन थोपवणे आणि धडकेने मैदानाबाहेर घालवणे. महाराष्ट्राने दोन्ही प्रकारचे खेळाडू लीगला दिले आहेत. विशाल माने मध्यरक्षक म्हणून, गिरीश इर्नाक डाव्या कोपऱ्यात आणि शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यात प्रेक्षकांना परिचित झाले.

पण ही विभागणी कागदावरची. प्रत्यक्षात पकड दोघा-तिघांची असते. कोपरारक्षक घोटा धरतो तेव्हा चढाईपटू पडतो, पण थांबत नाही. हात लांबवून तो मध्यरेषा गाठू पाहतो. ती वाट अडवायला शेजारचा मध्यरक्षक त्याच क्षणी अंगावर यावा लागतो. अर्धा क्षण उशीर झाला की चढाईपटू दोघांना घेऊन सुटतो, कारण झटापटीत अंगाला लागलेला प्रत्येक बचावपटू बाद होतो. म्हणजे एकाचे धाडस आणि दुसऱ्याची साथ मिळून एक पकड होते, आणि गुण बहुधा एकाच्याच नावावर चढतो.

आकडे काय सांगतात

लीगमुळे कबड्डीत आकडेवारी आली, हे चांगलेच झाले. परंतु बचावाच्या आकड्यांची पहिली अडचण त्यांच्या तुटपुंजेपणाची आहे. २०१७च्या हंगामात प्रदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण मिळवले. त्याच्या पुढच्याच वर्षी यूपी योद्धाच्या नितेश कुमारने पकडींचे १०० गुण पूर्ण केले आणि एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू ठरला. दोन्ही आपापल्या क्षेत्रातल्या असामान्य कामगिऱ्या. पण एकीत साडेतीनशेहून अधिक गुण, तर दुसरीत शंभर. बचावपटूच्या वाट्याला संधी कमी, म्हणून नशिबाचा वाटा जास्त. लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूची ही गत असेल, तर जिल्हा स्पर्धेत तीन सामने खेळलेल्या मुलाच्या सात-आठ पकडींवरून काय ठरणार?

दुसरी अडचण यशस्वी पकडीच तेवढ्या मोजण्याच्या सवयीची. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मुलाने सामन्यात दहा वेळा पकडीचा प्रयत्न केला आणि चार वेळा यश मिळवले. दुसऱ्याने पाचच प्रयत्न केले आणि तीन पकडी केल्या. वहीत पहिल्याचे चार, दुसऱ्याचे तीन. म्हणून पहिला सरस ठरतो. पण पहिल्याने चार गुण कमावताना किमान सहा गुण दिले, दुसऱ्याने तीन कमावून दोन दिले. शिवाय पहिला सहा वेळा बाद होऊन बाहेर बसला. त्याच्या संघाने गुण मिळवून त्याला परत आणेपर्यंत तो कोपरा रिकामा होता, आणि प्रतिस्पर्ध्याचा पुढचा चढाईपटू तिथेच जाणार हे उघड आहे. लोण चढण्याची सुरुवात बहुधा अशा एखाद्या उतावळ्या पकडीतून होते. म्हणून निवड करणाऱ्याच्या वहीत यशस्वी पकडींच्या शेजारी फसलेल्या पकडींचा रकाना हवाच. गावोगावच्या स्पर्धांत गुणलेखक मेहनतीने वही भरतात, पण हा एक रकाना सहसा नसतो.

चाचणीची अडचण

निवड चाचणीची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. वेगवेगळ्या मंडळांची मुले एका मैदानावर येतात, त्यांचे मिश्र संघ पाडले जातात, काही मिनिटांचे डाव होतात आणि संध्याकाळी नावे जाहीर होतात. चढाईपटूवर यात फारसा अन्याय होत नाही. तो एरवीही एकटाच जातो, इथेही एकटाच जातो. बचावपटूची मात्र साखळीच तुटते. ज्या मध्यरक्षकाबरोबर तो दोन वर्षे खेळला, तो आज समोरच्या संघात असतो. शेजारी उभा असलेला मुलगा कधी पुढे येईल आणि कधी मागे राहील, हे त्याला ठाऊक नसते. अशा वेळी समंजस मुलगा थांबतो आणि कुणाच्या नजरेत भरत नाही. बेधडक मुलगा उडी घेतो, दोन पकडी साधतो आणि निवडला जातो. अशी चाचणी नकळत धाडसाला गुण देते आणि सबुरीचे गुण कापते.

यावर उपाय खर्चाचा नाही. कोपरारक्षक आणि मध्यरक्षक एकाच मंडळातले असतील तर चाचणीत त्यांना जोडीनेच उतरवावे. नंतर जोडी मोडून पुन्हा पाहावे. जोडीने चांगला खेळणारा मुलगा अनोळखी साथीदाराला दुसऱ्या-तिसऱ्या डावापर्यंत कसा सामावून घेतो, हे त्या फरकातून कळते, आणि व्यावसायिक संघात त्याला पहिल्या दिवसापासून तेच करायचे असते.

वय, वजन आणि १ जून

किशोर गट सोळा वर्षांखालचा, कुमार गट वीस वर्षांखालचा. दोन्हींत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. परिणामी वजन जास्त भरेल या भीतीने मुले स्पर्धेच्या आधी उपाशी राहतात, पाणी तोडतात. चढाईपटूचे यात कसेबसे भागते. पण धडक सोसायची आणि द्यायची असलेल्या मध्यरक्षकाच्या अंगातले बळच त्या आठवड्यात निघून जाते. जो मुलगा वजन-मर्यादेत सहज बसतो, त्याची वाढ अजून व्हायची आहे. जो मर्यादेला टेकला आहे, त्याची झाली असण्याची शक्यता अधिक. आज दुसरा भारी दिसतो. चार वर्षांनी मोठ्या गटात, मोठ्या वजनाच्या चढाईपटूंसमोर काय होईल, हा वेगळा प्रश्न आहे.

कॅनडात हाच प्रश्न आइस हॉकीच्या संदर्भात तपासला गेला. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की तिथल्या वरच्या दर्जाच्या कनिष्ठ संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा भरणा आहे. वयोगटाची सीमारेषा १ जानेवारी. त्यामुळे जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, पण गट एकच. मोठा मुलगा थोराड म्हणून निवडला जातो, निवडला म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि मग तो खरोखरच चांगला होतो. आपल्याकडे ही तपासणी करायची तर आधी १ जून आडवा येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ही जन्मतारीख महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी आयुष्यभर वागवली. आता जन्मदाखले आले, आधार आले. तरी वयचोरीची तक्रार वयोगटाच्या स्पर्धांतून गेलेली नाही. म्हणून कागदावरच्या वयाइतकेच अंगाचे वय पाहावे लागते: मिसरूड, आवाज, मनगटाची आणि पावलाची जाडी, घरातल्या मोठ्या भावांची उंची. जुने वस्ताद तालमीत पोर घेताना हेच पाहत.

आइस हॉकीतला आणखी एक धडा उपयोगी आहे. तिथेही बचावपटू उशिरा पिकतो. स्वीडनचा निकलास लिडस्ट्रॉम १९८९च्या खेळाडू-निवडीत थेट ५३व्या क्रमांकावर घेतला गेला. म्हणजे बावन्न मुले त्याच्याहून बरी वाटली होती. पुढे त्याने सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक सात वेळा मिळवला. झ्डेनो चाराला १९९६ मध्ये ५६वा क्रमांक मिळाला होता. तोही पुढे दीर्घकाळ आघाडीचा बचावपटू राहिला. व्यवसाय म्हणून पारख करणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर एका दिवसाच्या चाचणीनंतर ठाम निर्णय देणाऱ्याने जरा थबकलेले बरे.

कबड्डीतही असेच दिसते. फझल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबात आला. मधल्या हंगामांत इतर संघांतून खेळून तो पुरता तयार झाल्यावर, २०१८च्या लिलावात, त्याच यू मुंबाने त्याच्यासाठी १ कोटी मोजले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

काय पाहावे

मग सतरा वर्षांच्या मुलात पाहायचे तरी काय? पकडीच्या आधीचे पाय पाहावेत. चांगल्या कोपरारक्षकाचे वजन चवड्यांवर असते आणि चढाईपटू सरकला की तो हात पुढे न काढता आधी पाय सरकवतो. हात आधी निघणारा मुलगा फसवला जातो.

बोनसच्या वेळी त्याची नजर कुठे आहे, ते पाहावे. अंगणात सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटू बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवतो, तेव्हा त्याचा दुसरा पाय हवेत असावा लागतो. तो क्षण कोपरारक्षकाचा. नवखा मुलगा चढाईपटूच्या हाताकडे आणि खांद्याकडे पाहत राहतो. जाणता मुलगा कमरेकडे पाहतो, कारण कंबर सहसा खोटे बोलत नाही.

तिसरी चढाई पाहावी. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. इथे घाई त्याला असते, बचावाला नाही. तरीही जो मुलगा पुढे झेपावतो, त्याला सामना वाचता येत नाही. उलट, मैदानात तिघेच उरले असताना अव्वल पकडीच्या जादा गुणासाठी धोका पत्करणारा मुलगा हिशेब जाणतो. एकाच मुलाने एकीकडे थांबणे आणि दुसरीकडे झेपावणे, ही समज शिकवून यायला वर्षे लागतात. ती आधीच असेल तर वहीत खूण करावी.

फसलेल्या पकडीनंतरची पुढची पाच मिनिटे पाहावीत. परत आल्यावर तो चूक भरून काढायला लगेच उडी घेतो, की घाबरून मागे सरकतो, की पुन्हा आपल्या जागी उभा राहतो? आणि शेवटी, तो बोलतो का? बचाव हा कानांनीही खेळायचा खेळ आहे. शेजाऱ्याला सतत हाक देणारा मुलगा साखळी बांधतो.

उंची, पकडीचे बळ, धावण्याचा वेग हे मोजावेच. पण ते पुष्कळसे सरावाने वाढते. मातीवरून मॅटवर आलेल्या मुलाला तर एक हंगाम द्यायलाच हवा. मातीत पाय थोडा घसरतो आणि पकड सैल झाली तरी सावरायला अवधी मिळतो. मॅटवर बूट रुततो, चढाईपटू झटक्यात वळतो आणि चुकीच्या पवित्र्यात गुडघ्यावर भार येतो.

दार उघडे ठेवणे

अंबड तालुक्यातले अंकुशनगर ही समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती उभी राहिलेली वसाहत आहे. दिवाळीच्या सुमारास अशा परिसरात गळीत हंगामाची लगबग सुरू होते. मराठवाड्यातली कित्येक कुटुंबे याच सुमारास ऊसतोडीला गाव सोडतात. कबड्डीचा स्पर्धांचा मोसमही याच थंडीच्या दिवसांत रंगतो. कोयत्याबरोबर गेलेल्या घरातला मुलगा चाचणीच्या दिवशी मैदानावर नसतो, आणि एका दिवसावर निवड टांगलेली असेल तर त्याचे वर्ष गेले. बचावपटू उशिरा पिकतो हे मान्य असेल, तर निवडीची दारेही उशिरापर्यंत उघडी हवीत: वर्षातून दोन चाचण्या, आणि विसाव्या वर्षी कुमार गटातून बाहेर पडलेल्यांना आणखी दोन-तीन वर्षे पाहण्याची सोय.

आणि बापाच्या प्रश्नाचे उत्तर? लीगमध्ये संघ बारा, प्रत्येकात खेळाडू १८ ते २५. म्हणजे देशभरातून फार तर तीनशे, त्यात परदेशीही आले. सर्वांत खालच्या गटाची मूळ बोली ९ लाखांची, पण त्या यादीत पुढच्या वर्षी नाव राहीलच याची हमी नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांबरोबर शिक्षणही लागते. तेव्हा प्रामाणिक उत्तर असे असावे: ‘पोराची नजर चांगली आहे. तीन वर्षे खेळू द्या, आणि तीन वर्षे शिकूही द्या. बावीसाव्या वर्षी पुन्हा विचारा.’ चढाईपटूच्या बापाला कदाचित याहून लवकर सांगता येईल. बचावपटूच्या बापाला यापेक्षा जास्त सांगणारा माणूस अंदाजाला खात्रीचे नाव देतो, आणि त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते.